पाच माणसे आणि पाच फॉरवर्ड

स्पॅम म्हटले की आपल्याला हसू येते. लॉटरी लागली, पाच मिनिटांत कर्ज मिळेल, मोफत लॅपटॉपसाठी इथे दाबा, हा मेसेज अकरा जणांना पाठवा नाहीतर देवी कोपेल. आपण अंगठ्याने तो वर सरकवतो आणि विसरतो. फार तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसावर थोडे वैतागतो, की काका, असले काहीबाही पुढे पाठवत जाऊ नका. म्हणजे आपल्या लेखी स्पॅम हा अडाणीपणाचा प्रश्न. पाठवणारा अडाणी, वाचणारा भोळा आणि मधली कंपनी बिचारी नुसती पोस्टमन.

हे चित्र खोटे आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. नको असलेला मजकूर किती वेगाने पसरावा, तो पाठवायला पैसे पडावेत की पडू नयेत, बोटाच्या एका दाबात तो पाच ठिकाणी जावा की पन्नास, हे सगळे कुठल्यातरी कार्यालयात बसून कुणीतरी ठरवलेले असते. तो धंद्याचा निर्णय असतो आणि धंद्याचा निर्णय बदलता येतो. तो कधी बदलतो आणि कुणाचा जीव गेल्यावर बदलतो, हे पाहायचे तर आपल्याला लांब जाण्याची गरज नाही.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच पुरुष तिथे आले होते. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. भिक्षा मागून पोट भरणारी ही माणसे. वर्षातले कितीतरी महिने घरदार सोडून मुलखात फिरायचे, पाले ठोकायची, पुढच्या गावाला निघायचे. त्या दिवसांत त्या भागात मुले पळवणारी टोळी आल्याचे मेसेज मोबाईलवरून फिरत होते. बाजारात कुणीतरी संशय घेतला. जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारण्यात आले. पाचही जण गेले. मारहाणीचे व्हिडिओ काढले गेले आणि तेही पुढे फिरले. त्याच रात्री मालेगावात अशाच अफवेतून एका कुटुंबाला जमावाने घेरले होते. तिथे पोलिसांना त्यांना वाचवता आले.

राईनपाड्याला गुन्हेगार कोण? मारणारे हात माणसांचे होते, मोबाईलचे नव्हते, हे आम्हाला मान्य आहे. आणि ते हात नेमके कुणावर उठले हेही विसरून चालणार नाही. 1871 च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टने इंग्रजांनी या देशातल्या कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. 1952 साली तो कायदा गेला, पण गावाबाहेर पाल दिसले की संशयाने पाहणारी नजर गेली नाही. भटक्या माणसाला गावात जामीन राहणारा कुणी नसतो. त्याच्याकडे पत्ता नसतो, कागद नसतात. म्हणून अफवेला बळी हवा असतो तेव्हा तो सर्वात आधी सापडतो. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही शिकलो होतो की अफवा हवेत जन्मत नाही, आधीच्या पूर्वग्रहाच्या जमिनीत ती रुजते. जमीन जातीने तयार केली होती, यात वाद नाही. पण बियाणे कोण वाटत होते आणि ते फुकट का वाटले जात होते, हा प्रश्न मात्र आपण विचारत नाही.

त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता. दुचाकीवरून दोन जण येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि पसार होतात. मूळ चित्रफीत पाकिस्तानातल्या कराची शहरात मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती व्हावी म्हणून बनवलेली होती. तिच्या शेवटी ती माणसे मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. कुणीतरी हा शेवट कापून टाकला. उरलेली फीत भारतातल्या अनेक राज्यांत 'आपल्या भागातली घटना' म्हणून फिरली. कापायला लागला असेल एक मिनिट. पसरवायला मात्र लाखो हात लागले आणि त्यातल्या एकाही हाताला खर्च आला नाही. पाहिले, घाबरले, दाबले, गेले.

राईनपाड्यानंतर दोन दिवसांत केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने व्हॉट्सअॅपला खडसावले. मग हालचाल सुरू झाली. 10 जुलैला वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या, खोटी बातमी कशी ओळखावी याचे सल्ले देणाऱ्या. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तशी खूण दिसू लागली. आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कंपनीने खरी गोष्ट केली: भारतात एक मेसेज एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी फॉरवर्ड करता येणार नाही, आणि फोटो-व्हिडिओच्या शेजारी दिसणारे झटपट फॉरवर्डचे बटण भारतात काढून टाकण्यात येईल. हे जाहीर करताना कंपनीनेच सांगितले की भारतातले लोक जगातल्या इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त मेसेज, फोटो आणि व्हिडिओ फॉरवर्ड करतात. म्हणजे हा आकडा त्यांच्याकडे होता. बटणाचा परिणाम त्यांना कळत होता. जानेवारी 2019 मध्ये पाचची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल 2020 मध्ये, कोरोनाच्या अफवांचा पूर आल्यावर, अनेक हातांतून गेलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले, आणि काही दिवसांतच अशा मेसेजचे प्रमाण 70 टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने स्वतः सांगितले.

70 टक्के! लोक एका रात्रीत शहाणे झाले का? त्यांचे प्रबोधन झाले का? काही नाही. बटणाची रचना बदलली. एवढेच.

हा आकडा ऐकल्यावर आम्हाला आनंद होण्याऐवजी राग आला. जे एप्रिल 2020 मध्ये जमले ते जून 2018 मध्ये का जमले नाही? कोड लिहायला दोन वर्षे लागत नाहीत. त्याचे उत्तर धंद्यात आहे. 2014 साली फेसबुकने व्हॉट्सअॅप सुमारे 19 अब्ज डॉलरला विकत घेतले. त्या वेळी ही कंपनी कमवत काय होती? वर्षाला माणशी सुमारे एक डॉलर वर्गणी, तीही बऱ्याच जणांना कधी भरावी लागली नाही, आणि 2016 मध्ये ती बंदच झाली. मग 19 अब्ज कशाचे मोजले? माणसांचे. ती किती आहेत, रोज किती वेळा ॲप उघडतात, एकमेकांना किती पाठवतात याचे. अशा धंद्यात प्रत्येक फॉरवर्ड ही वाढीची खूण असते, मग त्यात सुविचार असो की मुले पळवणारी टोळी. वाढीच्या वाटेत स्वतःहून कोण अडथळा घालेल? अडथळा घातला तो पाच प्रेते पडल्यावर, त्याआधी देशात इतरत्र अशाच अफवांनी माणसे मारली गेल्यावर, आणि सरकारने डोळे वटारल्यावर.

मग कंपनीने भारतासाठी तक्रार अधिकारीही नेमला. त्याची बसण्याची जागा होती कॅलिफोर्निया. साक्री तालुक्यातल्या माणसाने तक्रार करायची ती तिकडे.

आता थोडे मागे जाऊ, कारण हा खेळ व्हॉट्सअॅपने सुरू केलेला नाही. 1978 च्या मे महिन्यात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकेतल्या संगणक कंपनीचा एक विक्रीवाला, गॅरी थ्युर्क, याने नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण अर्पानेटवरच्या सुमारे 400 जणांना एकदम पाठवले. अर्पानेट म्हणजे आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर चालणारे, जिथे धंद्याची जाहिरात करायला मनाई होती. पत्ते इतके होते की ते पत्त्याच्या जागेत मावेनात, मजकुरात सांडले. लोक चिडले, त्याला तंबी मिळाली. पण त्या मेलमुळे कंपनीची मोठी विक्री झाली असे तो पुढे अभिमानाने सांगत असे. इथेच सगळे आले. तंबी मिळाली ती तोंडी आणि फायदा झाला तो रोख. (अशा मेलला 'स्पॅम' हे नाव नंतर पडले. ते मुळात डबाबंद मांसाचे नाव. इंग्लंडमधल्या मॉन्टी पायथन या मंडळींच्या 1970 च्या एका विनोदी प्रवेशात खानावळीतल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात तेच मांस असते, गिऱ्हाइकाला हवे असो वा नसो.)

1994 च्या एप्रिलमध्ये ॲरिझोनातल्या दोन वकिलांनी, कँटर आणि सीगल या नवरा-बायकोने, ग्रीन कार्डच्या सोडतीची जाहिरात युजनेटवरच्या पाच हजारांहून अधिक चर्चागटांत टाकली. ज्या सोडतीत माणसाला स्वतःच अर्ज करता येत होता, तो भरून देण्याचे पैसे ते घेत होते. स्थलांतर करू पाहणाऱ्या गरजू माणसाची आशा हे त्यांचे भांडवल. आज आमच्या वस्तीतल्या पोरांच्या मोबाईलवर शिष्यवृत्तीच्या, मोफत लॅपटॉपच्या, घरबसल्या नोकरीच्या लिंक येतात तेव्हा आम्हाला हे जोडपे आठवते. तीस वर्षांत युक्ती बदललेली नाही. ज्याला गरज जास्त तोच लिंक दाबतो. सुखवस्तू घरातल्या मुलाला समाजकल्याण खात्याच्या शिष्यवृत्तीची लिंक पाठवून काय उपयोग? फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली की आम्ही ज्या मुलांसोबत काम करतो त्यांच्यातला एखादा तरी ओटीपी देऊन बसतो, आणि वर त्यालाच ऐकावे लागते की शिकून अक्कल आली नाही.

स्पॅमचे गणित अगदी साधे आहे. छापील पत्रक वाटायचे तर कागद, शाई, वाटणारा पोरगा, सगळ्याचा खर्च वाटणाऱ्याच्या अंगावर. म्हणून कुणी लाखभर पत्रके उगाच वाटत नाही. मेलमध्ये आणि मेसेजमध्ये हा खर्च उलटतो. पाठवणाऱ्याला जवळजवळ काही पडत नाही. वेळ जातो, डेटा जातो, पैसे जातात, कधी जीव जातो, तो घेणाऱ्याचा. लाखात एक जरी फसला तरी पाठवणारा नफ्यात. फायदा एकाने घ्यायचा आणि त्याचा भार दुसऱ्याने वाहायचा, ही रचना आपल्याला नवी नाही. आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या हेच तर सोसले.

म्हणून जिथे हे गणित मोडले तिथे स्पॅम घटला, आणि जिथे नुसते उपदेश केले तिथे वाढला. बिल गेट्स यांनी 2004 च्या जानेवारीत दावोसमध्ये सांगितले होते की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटलेला असेल. अनोळखी माणसाने मेल पाठवताना थोडी किंमत मोजावी, हा त्यांच्या कल्पनांपैकी एक भाग होता. दोन वर्षे गेली, वीस गेली. किंमत कुणी लावली नाही, कारण फुकट मेल हाच धंद्याचा पाया होता. त्याऐवजी मोठ्या मेल कंपन्यांनी गाळण्या बसवल्या. त्यांनी बरेच काम केले हे खरे. पण गाळणीची दोरी आली मूठभर कंपन्यांच्या हातात. एखादी लहान संस्था स्वतःचा मेल सर्व्हर चालवून अभ्यासवर्गाची सूचना दोनशे लोकांना पाठवते, ती जाते जंकमध्ये; आमच्या ओळखीच्या एका मंडळाने हा अनुभव घेतला आणि शेवटी स्वतःचा सर्व्हर बंद करून तेही एका मोठ्या कंपनीच्या दारात गेले. दाद मागायला तिथे खिडकीच नव्हती.

11 नोव्हेंबर 2008 ची गोष्ट तर आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे मॅककोलो नावाची एक होस्टिंग कंपनी होती. जगभरातल्या हजारो बाधित संगणकांना स्पॅम पाठवण्याचे हुकूम सोडणारी यंत्रे तिच्याकडे ठेवलेली होती. एका पत्रकाराने पुरावे गोळा करून तिला इंटरनेटची जोडणी पुरवणाऱ्या कंपन्यांना जाब विचारला. त्यांनी जोडणी तोडली. त्या दिवशी जगातला स्पॅम निम्म्याहून खाली आला. पोलीस नाहीत, कायदा नाही, जनजागृती नाही. पुरवठादार कंपन्यांनी एक गिऱ्हाईक सोडले, बस्स. काही महिन्यांत स्पॅमवाल्यांनी दुसरे घर शोधले हेही खरे, पण मुद्दा सिद्ध झाला. पुढे 2011 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी स्पॅममधून विकल्या जाणाऱ्या औषधांचा, नकली घड्याळांचा आणि सॉफ्टवेअरचा माग काढला, तेव्हा 95 टक्के व्यवहारांचे पैसे मोजक्याच बँकांतून जात असल्याचे दिसले. लाखो यंत्रे, लाखो पत्ते आणि गल्ला मात्र बोटांवर मोजण्याइतका. कुठे नाक दाबायचे हे ठाऊक होते. दाबायची इच्छा नव्हती.

आपल्या देशातही हे आधी घडून गेले आहे आणि आपण ते विसरलो आहोत. ऑगस्ट 2012. आसाममधल्या हिंसाचारानंतर ईशान्य भारतातल्या लोकांना धमकावणाऱ्या अफवा एसएमएसवरून पसरल्या. पुणे, बंगळुरू, चेन्नईतून हजारो विद्यार्थी आणि कामगार भरलेल्या रेल्वेगाड्यांतून गावाकडे पळाले. तेव्हा केंद्र सरकारने पंधरा दिवसांसाठी बल्क एसएमएस बंद केले आणि एका वेळी पाचांहून अधिक जणांना मेसेज पाठवायला मनाई केली. पाच. सहा वर्षांनी व्हॉट्सअॅपला जो आकडा सुचला तोच. म्हणजे मोफत किंवा जवळजवळ मोफत मेसेज अफवेच्या काळात काय करतो याचा धडा पुण्याच्या रेल्वे स्टेशनवर साऱ्या देशाने पाहिला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्रायने दिवसाला 100 च्या पुढच्या प्रत्येक एसएमएसला किमान 50 पैसे आकारणी ठरवली, म्हणजे पाठवणाऱ्यावर खर्च टाकला. पण तोवर लोक व्हॉट्सअॅपकडे निघाले होते आणि तिथे ना ट्राय होती ना 50 पैसे.

इथे आमचे तरुण मित्र आम्हाला अडवतील, आणि अडवावेच. ते म्हणतील, फॉरवर्डच्या बटणाला शिव्या देता, पण 2 एप्रिल 2018 चा भारत बंद कसा झाला? 20 मार्चला सर्वोच्च न्यायालयाने ॲट्रॉसिटी कायद्याची धार बोथट करणारा निकाल दिला आणि दोन आठवड्यांच्या आत देश बंद पडला. कुठल्या मोठ्या पक्षाने हाक दिली नव्हती. वाहिन्यांनी आधी दखल घेतली नव्हती. हाक फिरली ती मोबाईलवरून, हातोहात. ज्यांच्याकडे वर्तमानपत्र नाही, वाहिनी नाही, जाहिरातीला पैसा नाही, त्यांच्यासाठी फॉरवर्ड हाच छापखाना आहे. तो पाचवर आणून ठेवला तर आधी कुणाचा आवाज बसेल?

हा आक्षेप पोकळ नाही. राईनपाडा आणि भारत बंद यांच्यात जेमतेम तीन महिन्यांचे अंतर आहे, आणि दोन्हीकडे बटण तेच आहे. आम्ही स्वतः या प्रश्नाशी बराच काळ झगडलो. आमचे उत्तर असे आहे की ज्या हाकेमागे माणसे असतात ती पाचाच्या मर्यादेने मरत नाही. बंदची हाक ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसाला दिलेली असते. ती घेणारा स्वतःचे दोन शब्द जोडून पुढे देतो, फोन करतो, वस्तीत बैठक घेतो. अफवेला मात्र वेगच हवा असतो. विचारायला, पडताळायला उसंत मिळाली की ती अर्धी मरते. त्यामुळे वेगाला घातलेल्या लगामाचा जाच अफवेला जास्त होतो, चळवळीला कमी. थोडा आपल्यालाही होतो, आणि ती किंमत आम्हाला मान्य आहे.

पण त्या लगामातली खरी मेख वेगळीच आहे. 1 ऑगस्ट 2018, राईनपाड्याला बरोबर एक महिना झाला होता, त्या दिवशी व्हॉट्सअॅपने मोठ्या धंदेवाल्यांसाठी नवी सोय जाहीर केली. कंपन्यांनी आपल्या यंत्रणा व्हॉट्सअॅपला जोडायच्या, ग्राहकांना मेसेज पाठवायचे आणि त्याचे पैसे व्हॉट्सअॅपला द्यायचे. व्हॉट्सअॅपने कमाईचा हा पहिला मोठा दरवाजा उघडला. योगायोग असेल, आम्ही कटकारस्थानाचा आरोप करत नाही. पण दोन निर्णय शेजारी शेजारी ठेवून पाहा. सामान्य माणसाला एका वेळी पाच. पैसे मोजणाऱ्याला हजारो, लाखो. आज आपल्या मोबाईलवर बँकेच्या, कर्जवाल्यांच्या, दुकानांच्या निळ्या टिकवाल्या मेसेजचा जो रतीब सुरू आहे तो त्याच दरवाजातून येतो. किंमत लावली की स्पॅम घटतो असे आम्ही वर म्हटले. तेही अर्धेच खरे. किंमत लावली की गरिबाचा स्पॅम घटतो. श्रीमंताच्या स्पॅमला 'व्यवसाय संवाद' म्हणतात.

कंपनीच्या संस्थापकांनी 2012 साली आपण जाहिराती का विकत नाही याचे जाहीर निवेदन केले होते. ब्रायन ॲक्टन 2017 मध्ये बाहेर पडले, यान कुम यांनी 2018 च्या एप्रिलमध्ये निरोप घेतला. जून 2025 मध्ये त्याच ॲपच्या स्टेटसमध्ये जाहिराती येणार असल्याचे जाहीर झाले. दरम्यान ग्रुपची मर्यादा 256 वरून 2022 मध्ये आधी 512 आणि मग 1024 झाली. फॉरवर्डचे बंधन तेवढ्यात आणखी कडक केले हेही सांगितले पाहिजे: आधीच फॉरवर्ड झालेला मेसेज आता एका वेळी एकाच ग्रुपला जातो. पण नवा मेसेज पाच ग्रुपना जातोच. 2018 मध्ये पाच ग्रुप म्हणजे 1280 माणसे होती, आता पाच ग्रुप म्हणजे 5120. मर्यादेचा आकडा पाचच राहिला आणि खोली चौपट मोठी झाली. या खोलीचा आकार कुणी ठरवला? आपल्याला कुणी विचारले होते का?

सरकारला मात्र एक वेगळाच उपाय सुचला. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत त्यांनी घातले की मेसेज मुळात कुणी पाठवला ते कंपनीने शोधून द्यावे. वरवर पाहता बरोबर वाटते. अफवेचा मूळ पुरुष सापडला तर बरेच. पण त्यासाठी प्रत्येक मेसेजवर कायमचा शिक्का मारावा लागेल, म्हणजे 2016 पासून आपल्या बोलण्याला जे संपूर्ण कुलूप आहे त्याची एक किल्ली सरकारच्या खिशात जाईल. व्हॉट्सअॅप याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. कंपनीबद्दल आम्हाला प्रेम नाही, पण या एका मुद्द्यावर आम्ही तिच्या बाजूने आहोत. गावात बहिष्कार पडला आणि एखाद्या मुलीने त्याची खबर बाहेर पाठवली, तर तिचे नाव सर्वात आधी कुणाला कळेल? कराचीची फीत कापणारा कधी सापडेल न सापडेल, ती मुलगी नक्की सापडेल. अफवा रोखायची तर वेग कमी करा, ग्रुप लहान ठेवा, धंदेवाल्या मेसेजला घेणाऱ्याची आधी स्पष्ट परवानगी लागेल असे करा. यातल्या एकाही गोष्टीसाठी कुणाचे बोलणे उघडावे लागत नाही.

आणि हे निर्णय आपण बदलू शकत नाही, असे आम्हाला कुणी सांगू नये. 2015 मध्ये फेसबुकने 'फ्री बेसिक्स' या नावाखाली गरिबांना मूठभर संकेतस्थळांचे फुकट इंटरनेट देऊ केले होते. ट्रायने त्यावर लोकांची मते मागवली. फेसबुकने काय केले? आपल्या कोट्यवधी वापरकर्त्यांसमोर एक तयार पत्र ठेवले, खाली बटण. दाबा, पत्र ट्रायला जाईल. लाखोंनी दाबले, कितीतरी जणांना आपण काय पाठवले याची कल्पनाही नसेल. नियामकाच्या दारात जगातल्या सर्वात मोठ्या कंपन्यांपैकी एकीने ओतलेला हा स्पॅमच नव्हता तर दुसरे काय होते? ट्रायने तेव्हा सुनावले की विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे या पत्रांत नाहीत. 8 फेब्रुवारी 2016 ला नियम आला आणि अशा भेदभावाच्या दरांवर बंदी आली. फ्री बेसिक्स भारतातून गेले.

याच्या आधीचा एक विनोद सांगायचा राहिला. एप्रिल 2015 मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या बाजूने दहा लाखांहून अधिक लोकांनी ट्रायला मेल पाठवले, आणि ट्रायने ते सगळे मेल पाठवणाऱ्यांच्या नाव-पत्त्यांसह जसेच्या तसे संकेतस्थळावर टाकले. स्पॅमवाल्यांना दहा लाख पत्ते घरपोच.

म्हणून पुढच्या वेळी ट्राय किंवा मंत्रालय मेसेजसेवांबद्दल मते मागवील, तेव्हा आपल्या मंडळांनी, विद्यार्थी संघटनांनी तयार पत्र फिरवू नये. तयार पत्र हा फेसबुकचा मार्ग आहे, आणि तो फसला. सल्लापत्रात प्रश्नांना क्रमांक असतात. एकेका वस्तीत बसून एकेका प्रश्नाचे उत्तर लिहावे, मराठीत लिहावे, आपल्या भागात कोणत्या अफवेने कुणाचे काय झाले, कोणत्या लिंकने कुणाचे किती पैसे गेले ते तारखेसह लिहावे. ते लिहिताना मंगळवेढ्याकडच्या पालांवरही जावे. त्यांच्याकडून असे उत्तर आजवर कुणी मागितले असेल असे आम्हाला वाटत नाही.